जिभाऊ, हे शालीऐवजी

आदरणीय जिभाऊ,
साष्टांग नमस्कार.

शाल-श्रीफळ तुम्ही घेत नाही आणि माईकवर नाव घेतलं की रागावता. म्हणून कागदावर लिहितोय.

हनुमान जयंतीच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेच्या पाळ्या कशा लावायच्या, ते तुम्ही शिकवलं. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. दिवसाचे 8 प्रहर, म्हणजे 56 पाळ्या. संध्याकाळी कीर्तनाला गर्दी असते, ती पाळी सगळ्यांना हवी. रात्री 12 ते 3 मात्र यादी कोरी. गाव त्याला झोप म्हणतं. तुम्ही म्हणालात, त्या वेळी बघायला कोणी नसतं म्हणून कोरी. सोनं-नाणं, ट्रॅक्टर यांची हाव कमी झाली तरी मानाची सुटत नाही, आणि ती चपलांसारखी देवळाबाहेर काढून ठेवता येत नाही.

मग तुम्ही पाळी अर्धी केली. दीड तास, एक जण वीणेला, एक जण टाळाला. 3 तासांत पट्टा मानेला काचतो आणि माणसाला नामाऐवजी घड्याळ दिसायला लागतं. शेतीच्या लाईटचं वेळापत्रकही यादीशेजारी टांगलं, कारण ज्याची थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची, तो केळीला पाणी भरायला जाणार. त्याला दिवसाची पाळी. इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती!

रात्रीच्या जोडीला पंगतीत बट्टी अर्धीच वाढायची. वरण-बट्टीवर तूप ओतून पोटभर जेवलेला माणूस एक वाजता खांबाला टेकतो, टेकला की झोपतो. चहा फक्त अदलाबदलीला. मोबाईल स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. आणि अदलाबदल घाईने नाही: पुढच्याने आधी नमस्कार करायचा, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात, भोपळ्याखाली दोघांचा हात, नाम मध्ये तुटू द्यायचं नाही.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. पहिली वीसेक मिनिटं मन हिशोबच करतं, तुम्ही सांगता: केळीचा भाव, ठिबकची फुटलेली नळी, पोराची फी. त्याला हाकलायचं नाही, हाकलायला गेलं की तेच काम होऊन बसतं. तळपायाला लागणारी फरशी आणि तोंडातलं रामकृष्णहरी, एवढंच धरायचं. हळूहळू बोट तारेवर आपसूक पडू लागतं. आणि मागायचं काही नाही. मागितलं की नामाचा अर्ज होतो. अर्ज दिला की मंजुरीची वाट बघणं आलं. ज्याला त्या दीड तासात काहीच नको असतं, तो पहाटे घरी जाताना भरलेला असतो, हे तुमच्या तोंडून खूपदा ऐकलं. आता ओट्यावरून उतरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

घरी जपाला एक माळ पुरे, हेही तुमचंच. 108 मणी, मेरू म्हणजे टोकाचा मणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. साडेतीन-चार मिनिटं लागतात. एका मिनिटात उरकली तर समजायचं की मणी फिरले, बाकी काही नाही.

वर्गणीच्या फळ्यावर फक्त नावं राहू दिली, रकमा पुसल्या, त्याने काही मंडळी रुसली. हिशोबाची वही कोणीही उघडून बघू शकतो, म्हणून शंका राहिली नाही. रुसवा मात्र थोडा आहे अजून.

पुढच्या सप्ताहाची यादी देवळात लावली आहे. तिसऱ्या रात्रीची 12 ते दीड रिकामी होती, तिथे तुमचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. गुडघा दुखत असेल तर निरोप द्या, खोडू.

आपली,
सप्ताह मंडळी