सॉसेज आतून शिजले की नाही: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एअर फ्रायरमध्ये सॉसेज किती मिनिटे ठेवायचे, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर एका आकड्यात देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मिनिटांचा आकडा पुढे येईलच, पण त्यावर विसंबून राहू नका, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सॉसेज शिजले आहे की नाही, हे ना घड्याळावरून कळते, ना वरच्या तांबूस रंगावरून. त्यासाठी त्याच्या मध्यभागाचे तापमानच पाहावे लागते.

बाबा, यंत्राचे काम कसे चालते हे समजल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, म्हणून तेच आधी सांगते. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये एअर फ्रायर या नावाचे यंत्र बाजारात आणले आणि पुढे इतरांनीही ते बनवायला सुरुवात केली. तत्त्व मात्र पंखा असलेल्या ओव्हनचेच आहे. वरच्या बाजूला कॉइल तापते, तिच्यावरचा पंखा गरम हवा लहानशा बंद जागेत वेगाने फिरवतो आणि जाळीदार बास्केटमुळे ती हवा पदार्थाच्या खालूनही जाते. सॉसेजमध्ये मुळातच भरपूर चरबी असल्याने वरून तेल घालावे लागत नाही. उष्णतेने चरबी वितळते, थोडी आवरणावर पसरते आणि उरलेली खाली ठिबकते. बाहेरचा भाग कोरडा पडून साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की प्रथिने आणि साखर यांच्यात ती अभिक्रिया वेगाने होऊ लागते, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये केले होते. खमंग वास आणि तपकिरी रंग येतो तो तिच्यामुळे. पण हा सगळा कारभार वरच्या पातळ थरापुरताच असतो. वेगवान गरम हवा हा थर फार लवकर रंगवते, आत मात्र उष्णता आपल्याच संथ गतीने शिरते, आणि एअर फ्रायरमध्ये फसगत होते ती नेमकी इथेच.

मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात, त्यामुळे बाहेरून नीट भाजला की बराचसा धोका टळतो. सॉसेजमध्ये खिमा असतो. दळताना पृष्ठभागावरचे सगळे आत मिसळते, म्हणून मध्यभागही तितकाच तापावा लागतो. डुक्कर, बकरा किंवा गोमांस यांच्या सॉसेजचा मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडीच्या सॉसेजचा ७४ अंशांपर्यंत पोहोचायला हवा. रंग इथे दोन्ही बाजूंनी फसवतो. बाहेरून छान तपकिरी झालेले सॉसेज आत कच्चे असू शकते, आणि नायट्राइट, म्हणजे मांस टिकवण्यासाठी वापरतात तो क्षार, घातलेले सॉसेज पूर्ण शिजल्यावरही आतून गुलाबीच दिसते, त्यामुळे ते कच्चे समजून माणूस आणखी शिजवतो आणि पार कोरडे करून टाकतो.

म्हणून तुमच्यासाठी स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर पाठवते आहे. त्यावरचे आकडे मोठे आहेत, बाबांना चष्म्याशिवायही वाचता येतील. तो आडवा खुपसू नका. सॉसेज गोल आणि अरुंद असल्याने टोक सहज पलीकडच्या बाजूला जाऊन बाहेरच्या गरम भागाचे तापमान दाखवते. चिमट्याने सॉसेज धरून त्याच्या एका टोकाकडून, लांबीच्या दिशेने सुई आत सरकवा, ती मध्यापर्यंत जाऊ द्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सगळ्यांत जाड सॉसेज तपासा आणि बास्केटच्या दुसऱ्या कोपऱ्यातले आणखी एक तपासा, कारण सगळीकडे उष्णता सारखी लागतेच असे नाही. आकडा कमी भरला तर दोन मिनिटे अजून ठेवा आणि पुन्हा बघा. सुई मात्र दर वेळी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्या.

मी याचा एवढा आग्रह धरते, त्याला तुमचे वय हेही कारण आहे. पासष्टीनंतर अन्नातून होणारा संसर्ग अंगाला जास्त लागतो आणि त्यातून उठायलाही वेळ लागतो. फ्रँकफर्टरसारखी काही सॉसेजेस कारखान्यातच शिजवलेली असतात आणि पुष्कळ लोक ती पाकिटातून काढून तशीच खातात. तुम्ही तसे करू नका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे ज्येष्ठांनी शिजवलेली सॉसेजेससुद्धा वाफ निघेपर्यंत, म्हणजे ७४ अंशांपर्यंत, तापवूनच खावीत. पाकीट उघडण्यापूर्वी ते कच्चे आहे की शिजवलेले, हे त्यावर वाचायला विसरू नका. दिसायला दोन्ही पुष्कळदा सारखीच असतात.

आता प्रत्यक्ष कृती. आई, कच्चे सॉसेज नळाखाली धुऊ नकोस; त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. काट्याने टोचे मारायची सवयही सोडून द्यावी, कारण त्या छिद्रांतून रस वाहून जातो आणि सॉसेज भुसभुशीत लागते. ते फुटते ते टोचले नाही म्हणून नव्हे, तर उष्णता फार जास्त असल्याने. आतल्या पाण्याची वाफ होते, आवरण आकसते आणि मग ते तडकते. सॉसेजेस एकाच थरात, एकमेकांना न चिकटता, मध्ये बोटभर जागा ठेवून मांडा. एकावर एक रचली तर जिथे ती टेकतात तिथे हवा पोहोचत नाही आणि तेवढाच पट्टा पांढुरका, ओलसर राहतो. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालतील, पण बास्केट ठासून भरू नका.

मध्यम जाडीची कच्ची सॉसेजेस १८० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटांत होतात, आणि निम्मा वेळ झाला की ती उलटायची असतात. बारीक असतील तर आठव्या मिनिटापासूनच लक्ष ठेवा. जाडजूड असतील तर माझी पद्धत अशी की पहिली आठ-दहा मिनिटे १६० अंशांवर ठेवावीत, म्हणजे बाहेरचा भाग करपण्याआधी आत उष्णता पोहोचते, आणि शेवटची चार-पाच मिनिटे १८० वर रंगासाठी द्यावीत. माझ्या मते सर्वच सॉसेजेससाठी ही पद्धत अधिक चांगली आहे. वेळ थोडा जास्त जातो, पण आवरण फुटत नाही आणि आतला रस टिकतो. २०० अंशांचा मोह अजिबात धरू नका. गोठवलेली सॉसेजेस आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आणून ठेवावीत, ओट्यावर नव्हे. तेवढा वेळ नसेल तर गोठलेली थेट ठेवली तरी चालतात. वेळ साधारण दीडपट लागतो आणि मध्यभाग तपासणे तर अधिकच गरजेचे ठरते. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटे तशीच राहू द्या, म्हणजे कापताना रस ताटलीत वाहून जाणार नाही.

यंत्रातून पांढरा धूर आला तर घाबरू नका. खाली ठिबकलेली चरबी गरम तळाला लागून धुरावते, एवढेच त्याचे कारण असते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर बास्केटच्या खालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालावे, म्हणजे चरबी तितकी तापत नाही. काळा धूर आला तर मात्र यंत्र बंद करून प्लग काढा. बास्केटमध्ये कागद घालायचा असेल तर त्यावर पदार्थ ठेवूनच घाला; रिकाम्या, तापत्या यंत्रातला कागद पंख्याने उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. यंत्राच्या मागे आणि वर वितीएवढी जागा मोकळी असू द्या आणि त्याचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको.

आई, तुझे मनगट दुखते हे माझ्या ध्यानात आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. शिजून झाल्यावर बास्केट ताटलीत उलटी करू नकोस. खाली साचलेली कढत चरबी त्याबरोबर ओतली जाते आणि हात भाजतो. बास्केट बसवलेला खण बाहेर ओढ, जाड लाकडी पाटावर टेकव आणि एकेक सॉसेज चिमट्याने उचलून घे. बास्केट सोडवायचे बटण खण हातात असताना दाबायचे नाही. तो पाटावर नीट टेकलेला असेल तेव्हाच दाबायचे. चरबी थंड होऊन गोठली की कागदाने पुसून कचऱ्यात टाका, कारण सिंकमध्ये ओतली तर पाइप तुंबतो. मग बास्केट कोमट पाण्यात साबण घालून थोडा वेळ भिजवा. तारेची घासणी लावली तर नॉनस्टिक थर निघतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. तेल लागत नाही म्हणून सॉसेज आरोग्याला चांगले झाले, असे नाही. त्यातली काही चरबी निथळते, मीठ मात्र तसेच राहते. १०० ग्रॅम सॉसेजमध्ये दीड-दोन ग्रॅम मीठ सहज असते आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. बाबा, तुमच्या रक्तदाबाला हे मानवणार नाही. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मूळचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. तुम्ही आवडीने खाता ते बंद करा, असे मी म्हणणार नाही. महिन्यातून एक-दोनदा खा, बरोबर ढोबळी मिरची आणि कांद्याच्या मोठ्या फोडी त्याच बास्केटमध्ये भाजून घ्या, म्हणजे दोघांना दोन-दोन सॉसेजेस पुरतील. खाताना बाबांच्या सॉसेजच्या गोल चकत्या करू नकोस, आई. कवळी असलेल्या माणसाला गोल, गुळगुळीत तुकडा नीट चावता येत नाही आणि तो घशात अडकण्याची भीती असते. आधी लांबीत उभा चिरून मग लहान तुकडे कर.

उरलेली सॉसेजेस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

थर्मामीटर हाती आला की आधी तो तपासून घ्या: पेल्यात बर्फ भरून त्यात थोडे पाणी घाला, ढवळा, सुई मध्यभागी धरा, काचेला आणि तळाला ती लागू देऊ नका. आकडा ० अंशाच्या आसपास स्थिरावला तर थर्मामीटर ठीक आहे. तीन-चार अंशांचा फरक दिसला तर मला लगेच कळवा, मी दुसरा पाठवते. आणि तुम्ही नेहमी आणता त्या सॉसेजच्या पाकिटाचा पुढून-मागून फोटो काढून पाठवा, म्हणजे ते कच्चे आहे की शिजवलेले, आणि त्यात मीठ किती आहे, हे मला पाहता येईल.

तुमची,
लेक