भुरीला घेऊनच या

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर आई म्हणाली की शेजारचे काका आपल्या भुरी कुत्रीला त्यांच्या मळ्यावर ठेवून घ्यायला तयार आहेत, आणि बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते, फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मुद्द्याचं राहून जातं. भुरीला मळ्यावर ठेवायचं नाही. ऑपरेशनला पुण्याला येताना तिला बरोबर घेऊन यायचं. घरात सगळ्यांशी बोलणं झालंय, पोरं तर रोज विचारतायत कधी येणार म्हणून.

बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायला तुमच्याकडे दर वेळी नवीन कारण असतं, कधी बागेची छाटणी, कधी भावकीतलं लग्न, कधी पाऊस. पण खरं काय ते आईने मला सांगितलंय. भुरीचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाहीये म्हणून तुम्ही जिन्याला धरून धरून चढताय आणि रात्री पाय चोळत बसताय. हे मला बघवत नाही. आणि त्याच वेळी तुम्ही तिच्यासाठी थांबलात याचा अभिमानही वाटतो, दोन्ही खरं आहे.

मळ्याचं का नको ते सांगते. काका चांगले आहेत, भाकरी घालतील, प्रश्न तो नाहीये. त्यांच्या मळ्यावर आधीच राखणीची कुत्री आहेत आणि कुत्र्यांना आपली हद्द कळते, त्यात बाहेरचं कुत्रं आलं, तेही म्हातारं, कमी दिसणारं, की ती त्याला जगू देत नाहीत. भुरीला आता ऐकूही नीट येत नाही, मागून कोण आलं ते तिला कळणार नाही. आणि समजा तिथून निघाली घराकडे यायला, तर मधे कारखान्याच्या उसाच्या गाड्यांचा रस्ता आहे. बारा-तेरा वर्षं उंबऱ्यात झोपलेल्या जिवाला शेवटी असं नको. बाबा, तुम्ही कायद्याचं मानता म्हणून सांगते, पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे. काका तिला उपाशी ठेवणार नाहीत हे माहितीय, पण शहरात लोक घर बदललं की कुत्रं खुशाल रस्त्यावर सोडून जातात आणि या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात तर आता दोन वडापाव येतात. मला हे वाचून फार राग आला होता.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, बोट दारात आली, बोटीतली पोरं म्हणाली आधी माणसं, कुत्रं नंतर बघू, आणि बाबा तुम्ही माडीवरच्या कठड्याला धरून उभे, म्हणालात ती येणार नसेल तर मी पण नाही. आई रडत होती, मी इकडे फोनवर ओरडत होते. शेवटी घोंगडीत गुंडाळून घेतलंत तिला आणि त्या पोरांनीच हात देऊन चढवलं. त्या दिवसांत आपल्या पट्ट्यातली कितीतरी माणसं गोठ्यातल्या म्हशी सोडायला तयार नव्हती, दावी कापताना रडत होती. बाहेरच्यांना तो अडाणीपणा वाटला, तो नव्हता. अमेरिकेत २००५ ला कॅटरिना वादळ आलं तेव्हा पण हेच झालं, कुत्री-मांजरं नेऊ देत नाहीत म्हणून लोक पाण्यात घर धरून बसले, आणि २००६ मध्ये तिथल्या सरकारला कायदा करावा लागला की आपत्तीच्या वेळी बाहेर काढायच्या प्लॅनमध्ये पाळीव जनावरांची सोय पण धरायची. तुम्ही पुरात जे केलंत ते बरोबरच होतं. मग आता गुडघ्यासाठी तिला कशाला सोडायचं?

आणि तिने तुमच्यासाठी काय केलंय ते पण बोलूया ना. दादा परदेशात गेला, मी इकडे, घर एकदम मोकळं झालं, त्या वर्षी बाबा तुम्ही चार वाक्यांच्या वर बोलत नव्हता. शुगरचे डॉक्टर चाला चाला सांगून थकले पण तुम्ही चालायला लागलात ते भुरी पहाटे दाराशी येऊन उभी राहायची म्हणून. आई, तू आत्ता पण दुपारी तिच्याशी भांडतेस ते मला फोनवर ऐकू येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरात तिसरं कोणी होतं तर तीच. जपानच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलंय की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे नुसते बघत राहिले तरी दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई बाळाकडे बघते तेव्हा वाढतं तेच. दोघांच्या, म्हणजे तिच्या पण.

आता तिच्या तब्येतीचं, हे नीट वाचा. आई, ती रात्री उठून भिंतीकडे बघून भुंकते, कोपऱ्यात जाऊन अडकून उभी राहते म्हणालीस, तिला बाहेरचं काही लागलेलं नाहीये, अंगारा नको लावू. म्हाताऱ्या माणसांना विसरायला होतं तसं कुत्र्यांनाही होतं, वेळ-काळ कळेनासा होतो, दिवसा झोपतात आणि रात्री फिरतात. पूर्ण बरं होत नाही पण सोपं करता येतं. रात्री एक छोटा दिवा चालू ठेव, तिच्या वाटेतल्या खुर्च्या-पाट हलवू नका, जेवणाची वेळ बदलू नका, संध्याकाळी अंगणात थोडं फिरवा म्हणजे रात्री झोपेल. पण सारखं पाणी पिते म्हणालीस ते मला बरोबर वाटत नाही, ते किडनीचं असू शकतं, शुगरचं पण असू शकतं. निघायच्या आधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवा, रक्त तपासायला सांगा. आणि लघवी घरात करते म्हणून पाणी मात्र तोडू नको हं, पाणी तिला लागेल तेवढं पिऊ दे.

बाबा, तुमच्या ड्रॉवरमधल्या दुखण्याच्या गोळ्या तिला अर्धी-पाव सुद्धा द्यायच्या नाहीत. तिची कंबर धरली की तुम्हाला वाटतं माझंच दुखणं आहे, माझीच गोळी चालेल, पण आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाते, आणि पॅरासिटामॉल पण आपल्या मनाने नाही. त्यांच्या गोळ्या वेगळ्या येतात, डॉक्टर देतील. त्यापेक्षा फरशीवर जुनी पोती अंथरा, पाय घसरत नाहीत, त्याने फार फरक पडतो.

आणि बेदाणे! आपल्याकडे घरात बेदाण्याची पेटी उघडीच असते, येता-जाता मूठ भरायची सवय सगळ्यांना, आणि बाबा प्रेमाने तिच्यापुढे दोन टाकतात. ते आता पूर्ण बंद. द्राक्षं आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि एखाद्याला खूप खाऊन काही होत नाही तर एखाद्याला थोड्याने होतं, त्यामुळे एवढे चालतील असं कोणी सांगू शकत नाही. कांदा-लसणाची आमटी भातावर घालणं पण बंद, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. साधा भात, अंडं, उकडलेलं चिकन, थोडं ताक. आई, तुला हे अन्न फुकट घालवल्यासारखं वाटेल पण ऐक माझं.

प्रवासाचं मी बघितलंय. रेल्वेत फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घेतला तरच कुत्रं जवळ बसतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, ते तिला झेपणार नाही. त्यामुळे आम्हीच गाडी घेऊन येतो, पहाटे निघू, कराड, सातारा करत. निघायच्या आधी तिला पोटभर घालू नका, गाडीत उलटी होते. तिची गोधडी धुऊ नका!! मळकीच आणा, नवीन घरात तिला तिचा आणि तुमचा वास लागेल.

सोसायटीची काळजी करू नका. एक गृहस्थ म्हणाले मीटिंगमध्ये ठराव करून कुत्री बंद केलीयेत, मी त्यांना अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली, बहुमताने सुद्धा पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट पण नाकारता येत नाही. आपण घाण उचलायची, पट्टा लावायचा, ते आपलं काम, ते मी करीन. महापालिकेचा परवाना काढायला रेबीजच्या लसीचं कार्ड लागतं, यंदाची लस झाली नसेल तर दवाखान्यात जाल तेव्हाच देऊन घ्या आणि कार्डाचा फोटो मला पाठवा. गोचिडी पण बघायला सांगा, कानाच्या आत आणि बोटांच्या मधे.

ऑपरेशननंतर एक गोष्ट मात्र पाळावी लागेल बाबा, टाके आहेत तोवर ती तुमच्या पलंगावर नाही. ती चाटायला येणार, तुम्ही चाटू देणार, आणि कुत्र्याच्या लाळेतले जंतू जखमेत गेले तर सगळं निस्तरायला लागेल. खाली पलंगाशेजारी गोधडी टाकू, हात खाली सोडला की तिच्या डोक्याला लागेल एवढ्या अंतरावर. नंतर फिजिओवाला चालायला लावेल तेव्हा सकाळी पॅसेजमध्ये दोघांनी बरोबर चाला, दोघांचा स्पीड आता सारखाच आहे.

काकांना आजच सांगा की नको म्हणून, त्यांना वाईट वाटणार नाही. आणि सोमवारी हॉस्पिटलला फोन करून तारीख पक्की करा, तारीख कळली की मी रजा टाकते.

तुमची,
पमी

ता. क. आई, भुरीच्या छातीचं माप सुतळीने घेऊन कळव, मानेचा पट्टा नको, कंबर दुखणाऱ्या कुत्र्याला अंगात घालायचा पट्टा बरा पडतो, इथून घेऊन ठेवते.