आत्याचा नंबर

परळ, १४ जून

ती. आई-बाबांना सा. न.

बंदी लागली, होडी वर ओढून शाकारून झाली, म्हणजे आता बाबांना फोनवर बोलायला वेळच वेळ. गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं झाली, तुझ्या हातून एक तरी माणूस बरं झालं का गो?" आणि मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती.

एकही नाही, बाबा. बरं करणारे डॉक्टर वेगळे. मी दिवसभर लोकांच्या रक्तातला पिवळट पाण्यासारखा भाग, सीरम म्हणतात त्याला, तो तपासत बसते.

पण आत्याचं आठवतंय ना? सकाळी टोपली उचलून टुणटुणीत, आणि हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाला उभी राहिली की डावी पापणी मिटायला लागायची. बोली बोलता बोलता आवाज नाकातून यायचा. लोक म्हणाले, घेते वाटतं. आई, तूसुद्धा मीठ-मिरच्या ओवाळल्यास, मी काही बोलत नाही. एका डॉक्टरांनी चष्मा दिला, एकांनी टॉनिक, आणि मुंबईत रक्ताचा रिपोर्ट कोरा आल्यावर एकांनी मनाचा आजार ठरवून टाकला. मी तेव्हा शिकत होते. पुस्तकात वाचलेलं आठवून सुरमईच्या पेटीतला बर्फ फडक्यात गुंडाळला आणि तिच्या मिटल्या पापणीवर धरला. दोन मिनिटं. "मेल्ये, डोळ्याला वास येईल माझ्या," म्हणून ती ओरडत होती. फडकं काढलं आणि डोळा टक्क उघडा. थोड्या वेळाने पुन्हा मिटला, पण तोवर ओटीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढे नसेला झटके देऊन तपासणी झाली, तेव्हा कुठे नाव कळलं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. गोळ्या सुरू झाल्या.

नस स्नायूला हुकूम देते तो एका रसायनातून. स्नायूवर ते रसायन झेलणाऱ्या जागा असतात, त्याच जागांवर शरीर उलटतं. तिथे चिकटणारी प्रतिपिंडं, जी एरवी रोगजंतूंशी लढतात, ती आपल्याच रक्तात तयार होतात. म्हणून विसावा घेतला की बरं, कामाला लागलं की गळाठा.

हे कळलं कसं, ते बाबांना आवडेल. १९७३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या दोघांना त्या जागांचा नुसता अभ्यास करायचा होता. त्या भरपूर मिळतात विजेचा झटका देणाऱ्या ईल माशात. (आपली वाम नव्हे हो, हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला.) प्रतिपिंडं हवीत म्हणून त्यांनी माशातल्या त्या जागांचं प्रथिन सशांना टोचलं. प्रतिपिंडं मिळाली, आणि ससे लुळे पडले. आजार शोधायला ते गेलेच नव्हते!

आजार अंगभर पसरलेल्या शंभरांत साधारण ८५ जणांचं रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कळतं. उरलेल्यांपैकी काहींत दुसरीच प्रतिपिंडं निघतात, ती सापडली २००१ मध्ये. तरीही आत्यासारखी माणसं उरतातच. माझं काम त्यांच्यावर. बशीत पेशी वाढवायच्या, त्यांवर त्या झेलणाऱ्या जागा दाटीवाटीने बसवायच्या, वर सीरम ओतायचं. काही चिकटलं, तर मायक्रोस्कोपखाली पेशीला काजव्यासारखी हिरवी कड दिसते. बहुतेक दिवस काळोखच दिसतो.

नमुन्यांवर नाव नसतं, नंबर असतो. पण गेल्या मे महिन्यात दापोलीहून एसटीत मांडीवर बर्फाचा डबा घेऊन आणलेल्या रक्ताचा नंबर कसा विसरेन? मंगळवारी त्या नंबराला हिरवी कड दिसली. दुसऱ्यांदा केलं, दिसली. तिसऱ्यांदा नाही.

आत्याला यातलं अक्षर सांगू नका. सोमवारी चौथ्यांदा लावते आहे.

तुमची
शालू