बाळंतपणानंतरचा न उतरणारा ताप

संपादक महोदय,
बाळंतपणानंतर ताप आला की घरचे म्हणतात दूध दाटलं असेल, बरेचदा ते खरंही असतं, पण अँटिबायोटिक चालू करून ३-४ दिवस झाले तरी ताप हटत नाही, विशेषतः सिझेरियननंतर, तेव्हा ओटीपोटातल्या शिरेत इन्फेक्शनसोबत रक्ताची गुठळी झालीय का हे बघायला हवं. अंडाशयाच्या शिरेतली गुठळी बहुतेकदा उजवीकडे होते, म्हणून दुखणं अपेंडिक्ससारखं वाटतं. सोनोग्राफीत ती नजरेतून सुटू शकते, सीटी किंवा एमआरआयमध्ये जास्त नीट दिसते, मग अँटिबायोटिकसोबत हेपॅरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारं औषध, देतात. दुर्मिळ आहे, मान्य. पण गुठळ्यांचा धोका डिलिव्हरीनंतर निदान ६ आठवडे वाढलेला असतो, एक पाय सुजला किंवा अचानक दम लागला तर लगेच दवाखाना गाठायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर ठळक का छापत नाहीत?

– एक वाचक