बाबा, राउटर एवढ्यात आणू नका

पुणे, शुक्रवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल बोलताना तीनदा फोन तुटला, म्हणून आज कागद घेतला. नाशिकच्या जेल रोडवरच्या आपल्या घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे कॉलही वाय-फायवरूनच लागतो, आणि बिघडलंय तेच. शिवाय फोनवर सांगितलं की बाबा "हो हो" म्हणतात आणि करतात मनाचंच. हे पत्र वाचून झालं की कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

बाबा, रविवारी एम. जी. रोडवरून सहा अँटेनांचा राउटर आणणार म्हणालात. थांबा जरा. प्रेसमध्ये जन्मभर नोटा तपासल्यात, सूतभर सरकलेला छाप तुम्हाला लांबून दिसतो, आणि खोक्यावर छापलेलं मात्र खरं मानता! "1200" लिहिलेलं असतं ना, ती एमबीपीएसमधल्या वेगाची गोळाबेरीज असते: लहरींच्या एका पट्ट्याचे 300, दुसऱ्याचे 867. तुमच्या एका फोनला 1200 कधीच मिळत नाहीत. अँटेना मोजून तर काहीच कळत नाही.

मीही यात पोळलेय. 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतला, दिसायला झकास राउटर आणला, आणि वेग 94 च्या वर जाईना. आठवडाभर कंपनीशी भांडले. शेवटी खोकं उलटून बारीक अक्षरं वाचली तर राउटरची वायर खोचायची पोर्टंच 100 ची. दोष माझाच.

दुसरं म्हणजे, बाहेरून येणाऱ्या त्या बारीक वायरमध्ये तांबं नाही, केसाएवढी काच आहे. तिचं टोक कंपनीच्या पांढऱ्या डब्यात जातं, सध्याचं वाय-फायही तोच देतो. बाजारातल्या साध्या राउटरला ते खोचायला जागाच नसते. म्हणजे नवा आणलात तरी जुना डबा राहणारच, नवा त्याला लॅन वायरने जोडायचा. आणि आई, झाडताना ती वायर गुंडाळून खिळ्याला अडकवतेस ती नको. तुझ्या बांगडीपेक्षा लहान वेटोळं झालं की आतला उजेड बाहेर सांडू शकतो.

आता तपासणी. हे आईने करायचं, बाबांना घाई असते. फोन घेऊन डब्याच्या शेजारी उभी राहा आणि स्पीड टेस्ट लाव. मग वरच्या खोलीत जाऊन पुन्हा लाव. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेव. खाली 90 आणि वर 4 आले, तर बाहेरची लाइन ठणठणीत आहे, अडचण घरातच आहे. मग 300 चा प्लॅन घेऊनही वर 4 च येणार. चिनूच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. खालीही कमी आलं तर मात्र मला सांगा, ती तक्रार वेगळी.

माझा अंदाज सांगू? डबा टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत, बाजूला लोखंडी कपाट, त्यावर आरसा. पत्रा आणि आरसा दोन्ही लहरी परतवून लावतात. वरून आईचं क्रोशाचं झाकण, म्हणजे डबा तापतोही. तो जिन्याच्या वळणावर आणायचा, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला. जिना मोकळा आहे, तिथून सिग्नल सरळ वर जाईल, स्लॅब भेदायची पाळी येणार नाही. काचेची वायर तेवढी पुरणार नाही, त्यासाठी कंपनीच्या माणसालाच बोलवा. स्वतः ओढू नका, बाबा.

फोनमध्ये आपल्या वाय-फायची दोन नावं दिसतात. ज्याच्या शेवटी 5जी आहे त्याचा मोबाइलच्या 5जीशी काही संबंध नाही. तो 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा, जवळ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. दुसरा 2.4 चा, हळू पण लांब जाणारा. हॉलमध्ये 5, वर 2.4. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना 2.4 अडखळतो, कारण तोही साधारण त्याच लहरींवर चालतो. त्यामुळे चिनूचा कॉल चालू असताना दूध गरम करायला ठेवू नका.

नेट गेलं की आधी दिवे बघा. डब्यावरचा पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा, म्हणजे कंपनीशी जोडणी आहे. एलओएस (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला तर काचेतून उजेड येत नाहीये, बहुधा वायर कुठेतरी तुटली आहे, बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते खोदताहेत, हे होणारच. लाल नसेल तर स्विच बंद करा, मनात तीस मोजा, चालू करा, पाच मिनिटं थांबा. मागच्या छोट्या भोकात टाचणी मात्र घालायची नाही. मागच्या वर्षी घातलीत तेव्हा सगळं सेटिंग पुसलं गेलं आणि दोन दिवस माणसाची वाट बघत बसलात.

जागा बदलूनही वर रेंज आली नाही, तर राउटर नक्की घेऊ. दुकानात तीनच गोष्टी विचारा: वाय-फाय 6, म्हणजे सहाव्या पिढीचं वाय-फाय आहे का, सगळी पोर्टं गिगाबिट, म्हणजे 1000 ची आहेत का, ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे जुन्या डब्याला जोडून नुसतं वाय-फाय पसरवायची सोय आहे का. रंग-बिंग विचारू नका.

खर्च करायचाच असेल तर आधी छोटा यूपीएस घ्या. वळवाच्या वाऱ्यात लाइट जाते आणि डबा बंद पडतो. अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय का बघा, यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ड्रॉवरमधला जुना सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका.

बुधवारी रात्री आठला चिनू कॉल करेल. वरच्या खोलीतूनच उचला, मला बघायचंय.

तुमची,
मनू

ता. क. आई, क्रोशाचं झाकण मिक्सरवर घाल. शोभेल.