मशीन बिघडलेली नाही

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं की बाबांना अर्धंच ऐकू येतं, आणि आई, तू ‘हो गं, कळलं’ म्हणत कढईकडे वळतेस. म्हणून हे कागदावर. वाचून झालं की गॅलरीत कपडे धुण्याच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

शेजारच्या काकूंकडून कळलं की तू पुन्हा मोरीत बसून चादरी आपटतेस. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलेल्या गुडघ्यांनी! का, तर म्हणे मशीनचा भरवसा नाही. आई, मशीन बिघडलेली नाही. दिवाळीतही बिघडली नव्हती.

तेव्हाचं आठव. वसुबारसेच्या सकाळी ती पाणी पोटात घेऊन थांबली, दार उघडेना. जो मिस्त्री आला, त्याने खालचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नाही. उभ्या उभ्या ‘पीसीबी गया’ म्हणाला, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, आणि साडेसात हजार सांगितले. बाबा पैसे काढायला कपाटाकडे निघालेही होते. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वतः जमिनीवर बसले.

मशीनच्या पुढच्या अंगाला, खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी झाकण आहे. त्याच्या आत फिरवून काढायचं मोठं बूच आहे, तोच पंपाचा फिल्टर. मी घाईत तोच फिरवला आणि दहा-बारा लिटर पाणी भस्सकन गॅलरीभर झालं, तुझे रांगोळीचे डबे तरंगायला लागले. त्या बुचाच्या शेजारी करंगळीएवढी नळी आहे, ती मला नंतर दिसली. आधी तिचं टोपण काढून परातीत सगळं पाणी सोडायचं, मग फिल्टर. परात भरली की टोपण लावायचं, रिकामी करायची, पुन्हा सोडायचं. पाणी गरम असेल तर निवू द्यायचं. आणि या सगळ्याच्या आधी प्लग काढायचा.

फिल्टरमध्ये निघालं काय? तुझ्या ब्लाउजचे तीन हूक, दोन रुपयांचं नाणं आणि केस-दोऱ्यांचा उंदराएवढा गोळा. तो काढूनही पंप नुसताच गुरगुरत होता. मग मोबाइलचा टॉर्च भोकात मारला, तर आतल्या छोट्या पात्यात सुपारीचं खांड रुतून बसलेलं. बाबा, तुमच्या पायजम्याच्या खिशातलं. चिमट्याने काढलं आणि दोन मिनिटांत पाणी मोरीत गेलं. ते पातं बोटाने फिरवलं तर अडखळत, झटके देत फिरतं. घाबरू नका, आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं.

हे दर संकष्टीला करायचं, म्हणजे विसरणार नाही. बूच परत लावताना आटे नीट बसवा, नाहीतर रात्रभर ठिपकत राहील. खाली वाकायचं काम बाबांचं. खिसे तपासायचं कामही बाबांचं.

आता वासाचं. तू म्हणतेस कपड्यांना कुबट वास येतो, म्हणजे मशीन जुनी झाली. नाही गं, हे तुम्हा दोघांच्या काटकसरीचं काम आहे. तू वीज वाचवायला कायम पंधरा मिनिटांचा गार पाण्याचा प्रोग्राम लावतेस. गार पाण्यात मळ आणि साबण पुरते विरघळत नाहीत, ड्रमच्या मागे त्यांचा बुळबुळीत थर धरतो आणि तोच वास मारतो. त्यात एकदा पाल आत गेली तेव्हापासून तू दार घट्ट लावून ठेवतेस. आत ओल, अंधार आणि साबण, बुरशीला आणखी काय हवं? दार दोन बोटं उघडं राहू दे. पालीची धास्ती असेल तर फटीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लाव. दारावरचं राखाडी रबर असतं ना, त्याची घडी खालच्या बाजूने ओढून आत बघ. मी पाहिलं तेव्हा काळी शेवाळी होती. शेवटचे कपडे काढले की तिथे कोरडं फडकं फिरवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बाबा, पावडर. बादलीच्या सवयीने तुम्ही दोन वाट्या टाकता. या मशीनमध्ये कपडे वर चढतात आणि धपकन खाली पडतात, त्या आपटण्यानेच मळ निघतो. फेस जास्त झाला की कपडे गादीवर पडल्यासारखे पडतात. म्हणजे पावडर जास्त आणि कपडे मळके. फ्रंट लोडची, म्हणजे पुढून दार असलेल्या मशीनची, कमी फेसाची पावडरच आणा, पुड्यावर लिहिलेल्या मापानेच टाका आणि ती बादलीची पावडर कामवाल्या मावशींना देऊन टाका.

पाण्याचं बाबांना जास्त पटेल. १९७८ साली नर्मदा इंदुरात आली त्याचं कौतुक तुमच्याकडून शंभरदा ऐकलंय, नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर चढवून आणलेलं पाणी वगैरे. पण आपल्या टंकीत नर्मदा असते नळ येतो त्या दिवशी, मग बोअर चालू होतं. बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठावर जो पांढरा थर दिसतो, तोच मशीनच्या हीटरवरही चढतो. तेव्हा जमेल तितकं नर्मदेच्या दिवशी धुवा. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा, आत कपडे न टाकता, ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ६० अंशांचा प्रोग्राम लावा. सियागंजच्या बाजारात सुटं मिळतं. त्यात ब्लीच चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मधल्या महिन्यांत ड्रम नुसता गरम पाण्याने चालवला तरी पुरे. त्याला वीज लागते साधारण एक युनिट, आई. तेवढ्या पैशात रामबागेच्या नाक्यावर पोह्यांची प्लेटही येत नाही.

पाणी भरायला फार वेळ लागला तर टंकीला दोष देऊ नका. नळ बंद करून मशीनच्या मागची पाण्याची नळी सोडवा. जोडणीत बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती पकडीने अलगद ओढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. दिवाळीत त्या जाळीत इतकी वाळू होती की तुळशीला घालता आली असती.

एकटी जाड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होते आणि पिळताना मशीन नाचते किंवा पिळतच नाही. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. तरीही नाचली तर वरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात दाबून पाहा. डुगडुगली तर पाय फिरवून सारखे करायचे, पण ते मी आले की.

दार लगेच उघडलं नाही तर ओढू नकोस. प्रोग्राम संपल्यावर दोन-तीन मिनिटं त्याचं कुलूप धरूनच राहतं.

पिळताना आतून लोखंड घासल्यासारखी घरघर आली, जळका वास आला किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर मात्र काहीही उघडू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, हात न लावता, लाकडी काठीने. मग मला फोन, मग मिस्त्री. आणि मिस्त्री आला की त्याला आधी विचारा, फिल्टर बघितला का.

शनिवारी व्हिडिओ कॉल करते. तेव्हा चेहरा नको, कॅमेरा रबराच्या घडीकडे धरा.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, सुपारीचं ते खांड मी धुऊन तुमच्या पानाच्या डब्यातच ठेवलं होतं, दाखवायला म्हणून. खाऊन टाकलं असेल तर आईला सांगू नका.