डब्याबरोबर चिठ्ठी देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरी भाजलेले केक, बिस्किटे आणि ब्रेड मी गेली काही वर्षे निश्चिंत मनाने खाते आहे. त्याबद्दल तोंडी आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढे?" असे म्हणून विषय बदलता. त्यात नेमके काय आहे हे एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, ज्यांच्या नात्यात, शेजारात किंवा कार्यालयात ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतील एक प्रथिन) वर्ज्य असलेली व्यक्ती आहे आणि तिला काही खाऊ करून द्यावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना तुमच्या पद्धतीतून पुष्कळ घेता येईल.

मला सीलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाल्यावर भेटणाऱ्या बहुतेकांनी सहानुभूती दाखवली, काहींनी आहाराविषयी सल्ले दिले; प्रश्न मात्र तुम्ही विचारलात. "अगदी थोडे चालते, की मुळीच नाही?" एवढाच तो प्रश्न होता, आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून होते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे सूक्ष्म रसांकुर त्यामुळे झडतात, आणि मग लोहाची कमतरता, अशक्तपणा, हाडांची झीज अशा तक्रारी एकामागून एक सुरू होतात. यावर आजमितीस एकच उपचार आहे: आयुष्यभर ग्लुटेन टाळणे. दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसते असे मानले जाते. गव्हाच्या ब्रेडच्या एकाच कापात मात्र ते साधारण २ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणजे सोसणारी मात्रा त्या कापाच्या दोनशेव्या भागाइतकीच. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती याच हिशेबातून. हे आकडे मी सांगितले तेव्हा तुम्ही ते कागदावर टिपून घेतलेत आणि म्हणालात, "म्हणजे प्रश्न पाककृतीचा नंतर, आधी ओट्याचा आहे."

या आजाराची आणखी एक बाजू तुम्ही लवकर ओळखलीत, जी अनेक प्रेमळ यजमानांच्या लक्षात येत नाही. ग्लुटेन पोटात गेल्यावर प्रत्येक रुग्णाला लगेच त्रास होतोच असे नाही. काहींना काहीही जाणवत नाही आणि आतड्याची हानी मात्र आतल्या आत होत राहते. त्यामुळे "मागच्या वेळी खाल्ले होते, काही झाले नाही" हे सुरक्षिततेचे प्रमाण होऊ शकत नाही. खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून करणाऱ्याला काही कळणार नसेल, तर जी काही खात्री करायची ती करतानाच करावी लागते. ही जबाबदारी तुम्ही कोणी न सांगता स्वतःकडे घेतलीत.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पाहिलेल्या गोष्टी इथे लिहिते. माझ्यासाठीची चाळणी वेगळी, कारण जाळीच्या फटींत अडकलेले पीठ कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. लाटणे आणि लाकडी चमचेही वेगळे, कारण लाकडाला बारीक चिरा असतात. केकचे साचे घासून काढलेले आणि वर कागद घातलेला. माझा पदार्थ सकाळी सर्वांत आधी होतो, मैद्याची पिशवी त्या दिवशी उघडण्याच्या कितीतरी आधी, कारण उडालेले पीठ हवेत बराच वेळ तरंगत राहते आणि मग जिथे बसायचे तिथे बसते. ओव्हनच्या उष्णतेने सगळे शुद्ध होते असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. उष्णतेने जंतू मरतात, ग्लुटेन नाहीसे होत नाही. साबण, पाणी आणि घासणे हेच त्यावर चालते. बेकिंग पावडर आणि दळलेली साखर यांत कधीकधी गव्हाचा स्टार्च मिसळलेला असतो, माल्ट बहुधा जवापासून बनते, आणि 'गहूविरहित' असे छापलेल्या पाकिटात जव किंवा राय असू शकते, हे सगळे तुम्ही पाकिटे वाचत वाचत शिकलात. ओट्सच्या बाबतीत तर तुम्ही माझ्याहून काटेकोर निघालात. ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या सहवासात असल्यामुळे, ग्लुटेनमुक्त म्हणून स्पष्ट छापलेले नसतील तर ते तुम्ही घरात आणतही नाही. आणले तरी, काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत म्हणून, आधी मला विचारता.

आता तुमच्या हाताच्या कौशल्याविषयी. ग्लुटेन काढून टाकलेला पदार्थ म्हणजे कोरडा, भुसभुशीत, औषधासारखा खायचा पदार्थ, अशी माझी निदानानंतर समजूत झाली होती, आणि दुकानातून आणलेल्या पाकिटांनी ती पक्की केली होती. तुम्ही ती मोडलीत, आणि ती नशिबाने मोडली नाही. ग्लुटेन पिठात कोणते काम करते हे समजून घेऊन मोडली. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते, ते वायू धरून ठेवते आणि त्यामुळे ब्रेड फुगतो. तांदळाच्या पिठात ते जाळे नाही. म्हणून त्याचे काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावे लागते. केकमध्ये ते काम अंडी आणि चिमूटभर झँथन गम (मिश्रण दाट करून बांधून ठेवणारी पूड) करतात, ब्रेडमध्ये इसबगोल. पाण्यात भिजलेल्या इसबगोलाची घट्ट जेली झाल्यावरच तुम्ही ती पिठात घालता. ब्रेडचे पीठ मळायच्या गोळ्यासारखे न होता दाट सरसरीत राहते, ते एकदाच फुगू द्यायचे आणि साच्यातच भाजायचे, हे तुम्ही मला उभे राहून दाखवलेत. एकच पीठ वापरून भागत नाही. तांदळाच्या पिठाला बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च हलकेपणा देतो, कुट्टूचे पीठ चव देते (कुट्टू म्हणजे बकव्हीट; इंग्रजी नावात 'व्हीट' असले तरी त्याचा गव्हाशी काही संबंध नाही), बदामाची पूड ओलावा देते, पण तीच पूड लवकर तांबूस होते, म्हणून आच थोडी कमी ठेवावी लागते. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले की तांदळाचे कण पाणी पितात आणि दाताखाली रवाळ लागत नाहीत. हे अर्ध्या तासाचे थांबणे बहुतेक पाककृतींत लिहिलेलेच नसते, आणि माझ्या मते सगळा फरक त्यानेच पडतो.

वजनकाट्याविषयीचा तुमचा आग्रह मी आता इतरांकडे धरते. एक कप तांदळाचे पीठ सुमारे १४० ते १५० ग्रॅम भरते, तर एक कप बदामाची पूड १०० ग्रॅमच्या आसपास. कपाने मोजून एकाच्या जागी दुसरे घातले की केक बसणारच. ब्रेडच्या मध्यभागाचे तापमान ९६ ते ९८ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, हा नियम तुम्ही स्वतःच्या मुलांनाही मोडू देत नाही. असा ब्रेड लवकर शिळा होतो आणि फ्रिजमध्ये तर अधिकच लवकर कडक होतो, म्हणून काप करून, मध्ये कागद घालून, फ्रीझरमध्ये ठेवण्याची तुमची रीत माझ्या घरी कायमची झाली आहे.

जाता जाता दोन नावे लिहिते, कारण तुम्हीच एकदा विचारले होते की हे सगळे कळले कसे. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधातून गहू आणि हा आजार यांचा संबंध मांडला. त्याआधी रुग्ण मुलांना कसेबसे जगवण्यासाठी नाना प्रकारचे आहार दिले जात. आणि ज्या झँथन गमची डबी तुमच्या कपाटात असते, तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आला. माझ्या ताटातल्या केकच्या एका तुकड्यामागे त्यांचेही ऋण आहे.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती डब्याबरोबरची चिठ्ठी. तीत प्रत्येक घटक असतो, कोणत्या पाकिटातला ते असते, पदार्थ कधी केला, कसा ठेवायचा, आणि त्या दिवशी त्या ओट्यावर दुसरे काय झाले होते, हेही असते. ग्लुटेन टाळणाऱ्या माणसाला कोणी प्रेमाने काही पुढे केले की आधी चौकशी करावी लागते: यात काय आहे, चमचा कोणता वापरला, बेकिंग पावडर कोणती. देणाऱ्याचा चेहरा त्या प्रश्नांनी हळूहळू उतरत जातो आणि विचारणाऱ्याला आपण कृतघ्न आहोत असे वाटू लागते. तुमच्या चिठ्ठीमुळे मला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. एकदा तुमचा बदामाचा केक मी एका स्नेहसंमेलनात नेला होता. तिथल्या एका पाहुण्यांना सुक्या मेव्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, बशी शांतपणे बाजूला ठेवली आणि मला म्हणाले की इतके स्पष्ट लिहिलेले त्यांनी घरच्या पदार्थावर कधी पाहिले नव्हते. एकाला सुरक्षित असलेला खाऊ दुसऱ्याला घातक असू शकतो. चिठ्ठी दोघांचीही काळजी घेते.

आणि एक आभार राहून गेले आहेत, ते तुम्ही न दिलेल्या डब्याचे. तुमच्याकडे मोठा समारंभ होता, माझ्यासाठी केलेली बिस्किटे गार व्हायला ठेवली होती, आणि मदतीला आलेल्या कोणीतरी त्याच जाळीवर मैद्याची बिस्किटे मांडली. कोणाला कळलेही नसते. तुम्ही मला दारातच सांगितलेत, "आज तुमच्यासाठी काही नाही, माझी खात्री राहिलेली नाही." तेवढे कष्ट केल्यानंतर असे सांगायला फार मोठे मन लागते. त्या दिवसापासून तुमच्या हातचे खाताना माझ्या मनात शंका येत नाही, कारण शंका आली तर ती तुम्हीच आधी बोलून दाखवाल हे मला ठाऊक आहे.

समारंभात माझी वेगळी बशी मांडण्याऐवजी तुम्ही सगळ्यांसाठी एकच ग्लुटेनमुक्त केक करता, याचेही मला किती बरे वाटते हे कधी बोलले नव्हते. सर्वांच्या बरोबरीने, त्याच केकचा तुकडा उचलण्यातले सुख ते गमावलेल्यालाच कळते. तसेच, पोट बिघडते म्हणून स्वतःच्या मनाने ग्लुटेन सोडायला निघालेल्या तुमच्या भाच्याला तुम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवलेत, हे अगदी योग्य केलेत. ग्लुटेन आधीच बंद केले तर रक्ताची तपासणी आणि आतड्याची बायोप्सी दोन्ही चुकीने निर्दोष दिसू शकतात. शिवाय गव्हाची अ‍ॅलर्जी, सीलिअ‍ॅक नसतानाची ग्लुटेन-संवेदनशीलता आणि सीलिअ‍ॅक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींत पाळायची पथ्येही सारखी नाहीत.

शेवटी एक विनंती आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातील लहान मुलाला नुकतेच सीलिअ‍ॅकचे निदान झाले आहे, आणि त्याची आई वाढदिवसाच्या केकच्या विचाराने हवालदिल आहे. तुमची ओट्याची शिस्त आणि पिठांचे प्रमाण मी तिला लिहून दिले आहे. तुमची हरकत नसेल असे गृहीत धरले. मात्र त्या मुलाला सुका मेवाही चालत नाही, त्यामुळे बदामाचा केक त्याच्या कामाचा नाही. बदामाच्या पुडीऐवजी सूर्यफुलाच्या बियांची पूड घालून पाहावी का, असा माझा विचार आहे. सोड्याशी तिची प्रक्रिया होऊन केकचा गाभा हिरवट होतो, पण तो खाण्यास निर्धोक असतो आणि थोडा लिंबाचा रस घातल्यास रंग आटोक्यात राहतो. तुम्हाला सवड असेल तेव्हा आपण दोघी मिळून तो करून पाहू. चिठ्ठी या वेळी मी लिहीन.

तुमची कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण